वाट्याची गाबोळी : मलाय गोष्टींतल्या माणसाच्या गरजा

१५११ साली पोर्तुगीज आरमार मलाक्क्यासमोर उभं होतं. सकाळी हल्ला होणार हे शहरात सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्या रात्री वाड्यात जमलेल्या तरुण सरदारांनी सुलतान अहमदकडे एक मागणी केली: ‘हिकायत मुहम्मद हनफिया’ ही पोथी आम्हाला वाचायला द्या. सुलतानाने आधी दुसरीच पोथी पाठवली, अमीर हमझाची. हनफियाचं शौर्य तुम्हाला झेपणार नाही, हमझाइतकं अंगी आलं तरी पुष्कळ, असं त्याचं म्हणणं. तरुणांनी उलट निरोप धाडला की महाराज हनफियासारखे होणार असतील तर आम्ही त्याच्या सेनापतीसारखे होऊ. सुलतान हसला आणि त्याने मागितलेली पोथी दिली. मलाय राजवंशांचा जुना इतिहासग्रंथ ‘सजारह मलायू’ हा प्रसंग सांगतो.

शस्त्रं त्या तरुणांपाशी होती. मरण समोर दिसत असताना त्यांना गोष्ट का हवी होती? मलाय द्वीपकल्प, सुमात्राचा पूर्व किनारा आणि बोर्निओचा काही भाग या टापूत शतकानुशतकं सांगितल्या गेलेल्या गोष्टी माणसाच्या कोणत्या मानसिक गरजांशी बोलतात, हा प्रश्न गेली शंभरहून जास्त वर्षं वेगवेगळ्या लोकांनी हाताळला आहे. त्यात वसाहतींचे अधिकारी आहेत, साहित्याचे अभ्यासक आहेत, मानववंशशास्त्रज्ञ आहेत आणि राजकारणीही आहेत. त्यांची उत्तरं पाहण्याआधी या लेखाचं म्हणणं मांडून ठेवलेलं बरं. मलाय गोष्टीत गरज कधीच एकट्या माणसाची नसते. ती कुणीतरी भागवायची असते, आणि ती भागली नाही तर तो कुणाचा तरी दोष असतो. पोटाची भूकही याला अपवाद नाही. बाहेरून आणलेले तक्ते या गोष्टींवर ठेवले की नेमकं हेच निसटतं.

सुरुवात संग्राहकांपासून करू. पेराक राज्यात पावांग आना नावाचा कथेकरी होता. त्याच्या तोंडच्या गोष्टी राजा हाजी याह्या यांनी लिहून घेतल्या आणि रिचर्ड विन्स्टेड्ट व ए. जे. स्टरॉक या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्या छापल्या. मालिम देमान, मालिम देवा, आवांग सुलुंग मेराह मुदा ही त्यांतली नावं आजही मलेशियातल्या शाळकरी मुलांना माहीत असतात. या प्रकारच्या कथेला मलाय लोक ‘लिपूर लारा’ म्हणतात, म्हणजे दुःख हलकं करणारी कथा. पर्लिसमधला आवांग बातिल पितळी भांड्यावर बोटांनी ताल धरून ती सांगायचा, कलांतानमधला तोक सलांपित रबाब वाजवत गायचा, आणि एकेक गोष्ट कित्येक रात्री चालायची. गोऱ्या अधिकाऱ्यांना या कथांत मुख्यतः भाषा शिकण्याचं साहित्य आणि भोळ्याभाबड्या प्रजेचं मन दिसलं. ती प्रजा आपल्या कथेला दुःखावरचा इलाज मानते, याकडे त्यांनी फार लक्ष दिलं नाही.

ते लक्ष पुढे व्लादिमीर ब्रागिन्स्की या रशियन अभ्यासकाने दिलं. अभिजात मलाय साहित्याची मांडणी करताना त्याने दाखवलं की जुन्या मलाय लेखकांच्या मनात वाङ्मयाची एक व्यवस्था होती. काही ग्रंथ सौंदर्याने मनाची तगमग शांत करतात. काही बुद्धीला हिताचं सांगतात. आणि काही अंतःकरणाला परिपूर्णतेकडे नेतात. कोणतं लेखन माणसाच्या कोणत्या भागाला काय पुरवतं, याचा विचार त्या समाजाने स्वतः केलेला होता. त्यामुळे मलाय गोष्टींना मानसशास्त्राचे प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्यावर काही उपरं लादणं, हा आक्षेप टिकत नाही. उपरी असतात ती काही उत्तरं.

सगळ्यांत वापरात असलेलं उत्तर मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लोचं. १९४३च्या निबंधात त्याने गरजांची चढती क्रमवारी मांडली: शरीराच्या गरजा, सुरक्षितता, आपलेपणा, प्रतिष्ठा आणि शेवटी स्वतःतल्या शक्तींचं पूर्ण फुलणं. मलेशियातही लोककथांना ही क्रमवारी लावून पाहणारे अभ्यास झाले आहेत. ते करणं सोपं असतं. नायक भुकेला असतो तिथे पहिली पायरी, वाघाला भितो तिथे दुसरी, राजकन्येशी लग्न करतो तिथे तिसरी, गादीवर बसतो तिथे चौथी. पण जगातली कुठलीही परीकथा अशी बसवता येते, आणि मग ती मलाय असण्याला काही अर्थ उरत नाही. मॅस्लोच्या बाजूने एवढं सांगायला हवं की ही क्रमवारी ताठर नाही, काही माणसांच्या बाबतीत प्रतिष्ठा प्रेमाच्या आधी येते, हे त्याने त्याच निबंधात कबूल केलं होतं. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी त्याचा पिरॅमिड केला.

दुसरी वाट मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंडची. गोष्टींत यशाची आस किती वेळा दिसते हे मोजायचं आणि त्यावरून समाजाच्या प्रगतीचा अंदाज बांधायचा. आधी त्याने अमेरिकेतल्या मूळ जमातींच्या लोककथांवर हा प्रयोग केला आणि १९६१च्या ‘द अचीव्हिंग सोसायटी’मध्ये अनेक देशांच्या शाळांतली वाचनपुस्तकं तपासली. समाज ज्या गोष्टी मुलांना सांगतो त्यांत त्याची आस उमटते, ही कल्पना खरोखर चांगली आहे. धोका तिच्या पुढच्या पावलात आहे. गोष्टींत आस कमी दिसली की माणसं आळशी ठरवायची, हे पाऊल मलेशियात प्रत्यक्ष टाकलं गेलं. सत्ताधारी पक्षातल्या मंडळींनी १९७१मध्ये काढलेल्या ‘रेव्होलुसी मेंताल’ या पुस्तकाने मलाय माणसात पुढाकार, धाडस, चिकाटी यांची उणीव असल्याचं सांगितलं. समाजशास्त्रज्ञ सैद हुसेन अलातास यांनी १९७७च्या ‘द मिथ ऑफ द लेझी नेटिव्ह’मध्ये त्याचा खरपूस समाचार घेतला. मळ्यांत आणि खाणींत राबायला नकार देणाऱ्या शेतकऱ्याला वसाहतवाल्यांनी आळशी म्हटलं, तोच शिक्का स्वतंत्र देशाच्या पुढाऱ्यांनी आपल्याच लोकांवर मारला, असं त्यांचं म्हणणं. या वादात मी अलातास यांच्या बाजूला आहे. गोष्टींतून एका समाजाचं प्रगतिपुस्तक काढणं हा गोष्टींवरही अन्याय आहे.

मग या गोष्टी स्वतः काय सांगतात? भुकेपासूनच पाहू, कारण सगळ्या क्रमवाऱ्या तिथून सुरू होतात.

मलाय मुलांना सांगितली जाणारी सर्वांत करुण गोष्ट ‘बातू बलाह बातू बर्तांकुप’ ही. गरीब विधवा, थोरली मुलगी मलूर आणि धाकटा मुलगा पकान. आईला खाडीच्या चिखलातला तंबाकुल मासा मिळतो. कोकणात आणि मुंबईकडे खाडीत सापडणाऱ्या निवटीचाच हा भाऊबंद. माशाच्या पोटात गाबोळी निघते. आई गाबोळी शिजवते, माझा वाटा ठेव असं मलूरला बजावते आणि कामाला जाते. पकान आपला वाटा खाऊन आणखी मागतो, रडून आकांत करतो, आणि मलूर आईचा वाटा त्याला देऊन टाकते. आई परतते आणि रिकामं भांडं पाहते. ती मुलांना मारत नाही. घराबाहेर पडते आणि रानातल्या त्या खडकाकडे चालू लागते, जो उघडतो, माणसाला गिळतो आणि पुन्हा मिटतो. मुलं हाका मारत मागे धावतात. ती पोचतात तेव्हा खडक मिटलेला असतो. १९५९मध्ये या कथेवर चित्रपट निघाला. तो पाहून रडलेली पिढी आज आजी-आजोबा झाली आहे.

क्रमवारीने पाहिलं तर ही बाई वेडी ठरते. घासभर गाबोळीसाठी कुणी जीव देतं का? पण तिला गाबोळी हवी होती याहून मोठी गोष्ट म्हणजे आपला वाटा कुणीतरी राखून ठेवावा असं तिला वाटत होतं. आयुष्यभर ती दुसऱ्यांचे वाटे करत आली. एकदा, फक्त एकदा, तिने स्वतःसाठी मागितलं. भूक आणि आपलेपणा या कथेत दोन पायऱ्या नाहीतच. आणि गोष्ट मलूरला दुष्टही करत नाही. तिने रडणाऱ्या भावाला दिलं, दुसरं काय करणार होती? अपुऱ्या अन्नाच्या घरात एकाची गरज भागवणं म्हणजे दुसऱ्याची मारणं, हे सत्य इतक्या थोड्या शब्दांत सांगणाऱ्या गोष्टी जगात फार नसतील.

याच्या मागे एक जुनी समजूत आहे. खाण्याची तीव्र इच्छा अपुरी राहिली की माणसावर संकट ओढवतं, असं मलाय लोक मानतात. बोर्निओत तर पुढे आलेलं अन्न खायचं नसेल तरी निदान त्याला बोट लावून निघतात, नाहीतर वाटेत साप चावेल किंवा अपघात होईल ही धास्ती असते. अपुरी इच्छा विरून जात नाही, ती धोका होऊन माणसाच्या मागे फिरते. मानसशास्त्राचा एक सिद्धान्तच रोजच्या वागण्यात उतरलेला आहे.

हीच कल्पना राजवाड्यात शिरते तेव्हा रक्त सांडतं. १६९९मध्ये जोहोरचा सुलतान महमूद पालखीत बसलेला असताना मारला गेला. जोहोरमधल्या कोता तिंगीला सांगतात की मगत स्री रामा या सरदाराची गरोदर बायको डोहाळे लागल्यामुळे राजाच्या बागेतल्या फणसाचा एक गरा खाऊन बसली. सुलतानाने तिचं पोट चिरायला लावलं. नवरा मोहिमेवरून परतला आणि त्याने राजाला ठार केलं. केडाच्या ‘हिकायत मरोंग महावांग्सा’त याची उलटी बाजू आहे. आचाऱ्याचं बोट कापून रक्ताचा थेंब राजाच्या कालवणात पडतो, राजाला ती चव आवडते आणि तो माणसांचं रक्त मागू लागतो. त्याला सुळे फुटतात. एकीकडे बाईची फणसाच्या गऱ्याएवढी इच्छा, दुसरीकडे राजाची न संपणारी. भूक कुणाची आहे आणि तिला नाही म्हणण्याची ताकद कुणाच्या हातात आहे, हे या गोष्टी फार बारकाईने पाहतात.

आईच्या गोष्टीची दुसरी बाजू सी तांगांगची. गरीब मुलगा जहाजावर जातो, नाखवा होतो, राजकन्येशी लग्न करतो. गावाच्या किनाऱ्याला जहाज लागतं तेव्हा म्हातारी आई होडीतून येते. काही रूपांत तिने त्याच्या आवडीची धुरावर सुकवलेली केळी आणलेली असतात. तो तिला ओळखत नाही म्हणतो. आई शाप देते, वादळ उठतं, जहाज आणि माणसं दगड होतात. पश्चिम सुमात्रात हाच मुलगा मालिन कुंडांग होतो आणि पाडांगजवळच्या किनाऱ्यावर त्याचा दगड दाखवतात. ब्रुनेईत तो नाखोदा मानिस. क्वालालंपूरला गेलेले मराठी प्रवासी बातू केव्ह्जच्या गुंफा मुरुगनचं देऊळ म्हणून पाहतात. तोच डोंगर म्हणजे सी तांगांगचं दगड झालेलं जहाज, असंही तिथले जुने लोक सांगत.

ही गोष्ट आईबापांच्या आज्ञेचा धडा म्हणून शिकवली जाते आणि त्यामुळे ती चपटी होते. मलाय आणि मिनांगकबाऊ समाजात तरुणाने घर सोडून बाहेर नशीब काढणं हे कर्तव्यच मानलं जातं. तांगांगने जे केलं ते सगळ्यांनी करावं अशीच अपेक्षा असते. म्हणजे मोठं होण्याची गरज आणि आपल्या माणसांचं राहण्याची गरज, दोन्ही समाजानेच त्याच्या पदरात घातल्या आणि त्या एकत्र कशा पेलायच्या ते सांगितलं नाही. मलेशियाचे राष्ट्रीय साहित्यिक मुहम्मद हाजी सालेह परदेशी शिकून आले आणि त्यांनी परतणाऱ्या तांगांगवर कविता लिहिली. त्यांचा तांगांग दगड होत नाही. तो बदललेला परत येतो आणि मला असाच स्वीकारा म्हणतो. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या एका संपूर्ण पिढीची गरज त्या एका बदलात आहे.

दुबळ्याच्या गरजेसाठी मलाय गोष्टींनी सांग कांचिल घडवला. आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीच्या जातीचं हे सशाएवढं, शिंगं नसलेलं जनावर. त्याला नदीपलीकडची फळं हवी असतात आणि पाण्यात मगरी असतात. राजा सुलैमानने तुमची गणती करायला सांगितली आहे, असं म्हणून तो मगरींना ओळीने उभं करतो आणि त्यांच्या पाठींवरून मोजत पलीकडे जातो. वाघाला तो गांधीलमाश्यांचं पोळं राजाची घंटा म्हणून वाजवायला लावतो आणि अजगर राजाचा कमरपट्टा म्हणून बांधायला लावतो. प्रत्येक वेळी त्याचं हत्यार एकच, राजाचं नाव. ज्याच्याकडे सत्ता नाही तो सत्तेचा धाक उसना घेऊन जगतो.

आता याच्या शेजारी ‘सजारह मलायू’तला एक हुशार मुलगा ठेवा. सिंगापुरावर टोकेरी चोचीच्या माशांच्या झुंडी तुटून पडतात, राजा किनाऱ्यावर माणसांच्या पायांची भिंत उभी करायला लावतो आणि माणसं मरत राहतात. एक मुलगा सुचवतो, माणसांऐवजी केळीचे खांब उभे करा. माशांच्या चोची खांबांत रुततात आणि शहर वाचतं. मग दरबारी राजाला सांगतात, हा आत्ताच इतका हुशार, मोठेपणी काय करील? राजा त्या मुलाला मारून टाकतो आणि ग्रंथकार स्पष्ट लिहितो की त्या खुनाचं पाप सिंगापुरावर राहिलं. जनावराच्या कातड्यात हुशारी जिंकते, माणसाच्या कातड्यात तिचा जीव जातो. सांग कांचिल कशासाठी लागला हे यावरून कळतं. मॅक्लेलंडच्या पद्धतीने मोजणाऱ्याला कांचिलच्या गोष्टीत यशाची आस सापडली असती, पण ती पिसोरीच्या तोंडी का घालावी लागली, हे सापडलं नसतं.

विनोदी कथांबद्दल थोडक्यात. पाक पांदीर, पाक कादुक, लबाई मालांग, सी लुंचाई ही मंडळी मूर्ख, दुर्दैवी किंवा बेरकी आहेत. लबाई मालांगला नदीच्या वरच्या आणि खालच्या गावांतून जेवणाची आमंत्रणं येतात, तो कुठे जावं या विचारात वल्हवत राहतो आणि दोन्ही जेवणांना मुकतो. पाक कादुकचा कोंबडा झुंज जिंकतो, पण त्याआधी त्याने तो राजाच्या कोंबड्याशी बदललेला असतो, म्हणून जिंकूनही त्याचं घरदार जातं. या हसण्यात भुकेची आणि राजाच्या जुलमाची आठवण आहे. ती सहन करता यावी म्हणून माणसं हसली.

या सगळ्यांत मोठा वाद मात्र हांग तुआह आणि हांग जेबात यांच्यावर झाला. तो गेल्या शतकातल्या मलेशियाच्या मनाचा वाद आहे. ‘हिकायत हांग तुआह’ची आणि ‘सजारह मलायू’ची नोंद युनेस्कोने २००१मध्ये ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत केली. तुआह आणि जेबात लहानपणापासूनचे मित्र. चुगलखोरांचं ऐकून राजा तुआहला ठार मारण्याचा हुकूम देतो, प्रधान त्याला लपवून ठेवतो. मित्र मेला असं समजून जेबात वाडा काबीज करतो. राजाला त्याला आवरता येत नाही. मग तुआहला बाहेर काढलं जातं, आणि ज्याने त्याच्यासाठी बंड केलं त्याच मित्राला तो राजाच्या आज्ञेने मारतो. जखमी जेबात घाव बांधून तीन दिवस शहरात दिसेल त्याला कापत फिरतो आणि शेवटी तुआहच्या मांडीवर प्राण सोडतो. (‘सजारह मलायू’त हे बंड जेबातचं नसून हांग कस्तुरीचं आहे.)

१९५६मध्ये सिंगापूरच्या स्टुडिओने यावर रंगीत चित्रपट काढला. तुआहच्या भूमिकेत पी. रामली होते आणि दिग्दर्शक होते मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीत नाव कमावलेले फणी मजुमदार. त्यातला नायक तुआहच. पण स्वातंत्र्याच्या आगेमागे तरुण पिढीचं मन पालटत होतं. कासिम अहमद यांनी आपल्या प्रबंधात जेबातला खरा नायक ठरवलं, उस्मान अवांग यांनी १९६१मध्ये जेबातच्या मरणावर नाटक लिहिलं, आणि त्याच वर्षी हुसेन हनीफ यांचा ‘हांग जेबात’ चित्रपट आला. तुआहची गरज व्यवस्थेची आणि निष्ठेची, जेबातची न्यायाची आणि स्वातंत्र्याची, अशी वाटणी तेव्हापासून रूढ झाली.

ही वाटणी उपयोगी आहे, पण पुरेशी नाही. तिच्याआधी एक करार वाचायला हवा. ‘सजारह मलायू’त पालेंबांगला सांग सपुर्बा हा राजवंशाचा मूळपुरुष आणि दमांग लेबार दाउन हा स्थानिक अधिपती यांच्यात बोलणी होतात. प्रजा राजाशी कधी द्रोह करणार नाही. बदल्यात राजाने गुन्हेगार प्रजाजनाला हवं तर मारावं, पण चारचौघांत अपमान करू नये, घाणेरडं बोलू नये. एका बाजूने शब्द मोडला तर दुसरीही मोकळी. प्रजेने राजाकडे जिवाची हमी मागितली नाही, अब्रूची मागितली. अन्न आणि सुरक्षितता तळाशी आणि प्रतिष्ठा वर, हा क्रम या करारात सरळ उलटा आहे. जेबातचं बंड त्यावर ठेवून वाचलं तर ते आधुनिक व्यक्तिस्वातंत्र्याची नांदी वाटण्यापेक्षा मोडलेल्या कराराची वसुली वाटतं. आणि तुआहची शोकांतिका अशी की करार दुसऱ्या बाजूने मोडल्याचं त्याला दिसत असूनही तो आपली बाजू पाळत राहतो. कासिम अहमद यांच्या वाचनाने एका पिढीला धीर दिला, त्याचं मोल मोठं आहे. कथेच्या जास्त जवळ मात्र हा करार आहे.

स्त्रियांच्या अब्रूचं आणि मर्जीचं काय? लंगकावीच्या मासुरीवर व्यभिचाराचा खोटा आळ येतो, तिला भोसकतात तेव्हा पांढरं रक्त वाहतं आणि ती बेटाला सात पिढ्यांचा शाप देते. गुनुंग लेदांग डोंगरावरची राजकन्या वेगळी आहे. मलाक्क्याचा सुलतान महमूद तिला मागणी घालतो. ती नाही म्हणत नाही, अटी घालते: मलाक्क्यापासून डोंगरापर्यंत एक सोन्याचा पूल, एक चांदीचा, डासांच्या आणि गोचिडांच्या काळजांनी भरलेली सात-सात तबकं, हंडाभर आसवं, हंडाभर कोवळ्या सुपारीचं पाणी, राजाचं वाटीभर रक्त आणि त्याच्या लहान मुलाचं वाटीभर. सुलतान म्हणतो, बाकी सगळं जमेल, पण रक्त देववत नाही. राजाला नकार देता येत नाही अशा जगात एका बाईने हो म्हणतच आपलं स्वातंत्र्य राखलं, आणि राजाची इच्छा किती खोल आहे याची परीक्षाही घेतली.

‘मालिम देमान’मध्ये स्वर्गातली राजकन्या नवऱ्याने लपवलेलं उडण्याचं वस्त्र शोधून मुलासकट निघून जाते, कारण तो कोंबड्यांच्या झुंजींत इतका रमलेला असतो की घराकडे वळूनही बघत नाही. आपल्याकडे कुणी बघावं ही गरज इथे पुन्हा येते, तीच त्या गाबोळीच्या वाट्याची.

इच्छेशी वागायचं कसं, याचं एक सूक्ष्म उत्तर ‘हिकायत बायान बुदिमान’मध्ये आहे. ही पोपटाची कथामाला १३७१ सालची मानतात. तिचं मूळ संस्कृत ‘शुकसप्तती’, जी फारसीतून मलाय भाषेत गेली आणि मराठीत ‘शुकबहात्तरी’ म्हणून आली. नवरा परदेशी गेलेल्या बीबी झैनबला प्रियकराकडे जायचं असतं. पिंजऱ्यातली साळुंकी तिला पापाची भीती घालते आणि जीव गमावते. पोपट तिची बाजू घेतो, जरूर जा म्हणतो, आणि जाण्याआधी एक गोष्ट सांगू का विचारतो. गोष्ट संपते तेव्हा उजाडलेलं असतं. इच्छा मान्य करायची, तिला वेळ द्यायचा, तिच्याशेजारी बसून बोलत राहायचं. आजचे समुपदेशकही याच वाटेने जातात.

ही वाट जिथे प्रत्यक्ष उपचार झाली, तो या आढाव्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ कॅरल लेडरमन यांनी १९७०च्या दशकात तेरंगानूतल्या मर्चांग गावात राहून ‘मायन पुतरी’ हा उपचारविधी अभ्यासला. १९९१मध्ये त्यांचं ‘टेमिंग द विंड ऑफ डिझायर’ हे पुस्तक आलं. तिथली समजूत अशी की प्रत्येक माणूस जन्मतः आपल्या अंगात एक वारा घेऊन येतो, कुणाचा मंद, कुणाचा जोराचा. त्याला वाट मिळाली तर माणूस कलावंत होतो, उपचारक होतो, मोठं काम करतो. वाट मिळाली नाही तर वारा आत कोंडतो आणि माणूस झुरतो, खात नाही, अंग दुखतं, औषध लागू पडत नाही. या वाऱ्यांचे प्रकार कथेतल्या पात्रांवरून ओळखतात. देवा मुदाचा वारा असलेल्याला सुंदर वस्तू, कौतुक आणि प्रेम लागतं, आणि गरीब घरात ते मिळत नाही. हालाचा वारा वाघाचा, तापट.

देवा मुदा हा मक योंग नाट्यातला राजपुत्र. स्वर्गातल्या राजकन्येसाठी तो झुरतो आणि शेवटी सोन्याच्या पतंगावर बसून तिच्याकडे उडतो. विधीत रबाब वाजवणारा मिंदुक आणि अंगात येणारा पुतरी रात्रभर गातात, प्रश्न विचारतात, थट्टा करतात. रोग्याचा वारा कोणता हे हळूहळू उमगतं, त्याची कथा सुरू होते, आणि रोगी उठून त्या पात्रासारखा नाचू लागतो. आयुष्यात जे मिळणार नाही ते त्याला एका रात्रीपुरतं गावासमोर मिळतं. लेडरमन स्वतःही एकदा या अवस्थेत गेल्या आणि तो अनुभव त्यांनी लिहिला आहे.

मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइमने १९७६मध्ये परीकथा मुलांच्या मनातल्या गाठी सोडवतात असं मांडलं, पण तो पुस्तकातली गोष्ट आणि एकटं मूल यांच्याबद्दल बोलत होता. मर्चांगमध्ये गोष्ट एका विशिष्ट माणसासाठी निवडली जात होती, आणि ती ऐकायला घरचे, शेजारी सगळे बसलेले असत. तुझी गरज आम्हाला कळली, हे त्यांच्या बसण्यातूनच रोग्यापर्यंत पोचायचं. बातू बलाहच्या आईला हेच मिळालं नव्हतं.

१९९१मध्येच कलांतानच्या राज्य सरकारने धार्मिक कारणं देऊन मक योंगवर बंदी घातली. २००५मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून गौरवलं. २०१९मध्ये बंदी उठली, पण प्रयोग शरियतशी सुसंगत असावेत या अटीवर. आत्म्यांना हाक मारणारा, रोग्याच्या अंगात वारं भरणारा विधी या अटीत बसणं अवघड आहे. त्यामुळे रंगमंचावर देवा मुदाचं नृत्य, वेशभूषा आणि गाणी टिकण्याची शक्यता आहे, उपचार टिकण्याची कमी. मलाय कथांचं जतन करणाऱ्या संस्थांनी नाचाच्या हालचाली आणि संहिता यांच्याइतकंच लक्ष मिंदुक, पुतरी आणि रोगी यांच्यातल्या त्या रात्रभराच्या बोलण्याकडे द्यायला हवं. लेडरमन यांनी मर्चांगमध्ये ध्वनिमुद्रित केलेले विधी भाषांतर करून छापले, म्हणून आज आपण त्यांबद्दल बोलू तरी शकतो. कलांतान आणि तेरंगानूत हे विधी केलेली, पाहिलेली आणि त्यांतून बरी झालेली माणसं आता म्हातारी होत आहेत, आणि कुणाला कोणती गोष्ट का सांगायची हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे.